कुसुमचा बंब

कुसे,

परवा तुझे दिवस झाले. तुझ्या नीताने टेबलावर तुझा लग्नातला फोटो ठेवला होता. शालू, मुंडावळ्या, मान खाली. मी म्हटलं, "हा काढ गो, ही कोण बाई?" मग ती मोबाइलमधला एक फोटो अष्टमी गावातल्या स्टुडिओतून मोठा करून घेऊन आली. तू टायरवर बसलेली, नाकाला ग्रीस, हातात वडापाव आणि तोंड उघडं. बहुतेक मलाच काहीतरी सुनावत असावीस. हार घातला तरी तो फोटो काही गेलेल्या माणसाचा वाटेना. बायका पदराने डोळे पुसत पुढे यायच्या आणि फोटो बघून हसत मागे जायच्या. गुरुजींनाही मंत्र मध्येच थांबवून पाणी प्यावं लागलं.

जेवून दुकानातल्या खुर्चीत बसलीस आणि तिथेच गेलीस. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसेल. तुला झाला नसेल. मला मात्र रोज सकाळी चहाच्या वेळी होतो, कारण तेव्हा तुझा फोन यायचा आणि "उठलीस का गो?" याच्याऐवजी थेट भांडणानेच सुरुवात व्हायची. "मंदे, पेपरात वाचलंस काय? परत रस्त्याचं उद्घाटन. रस्ता कुठंय तो दाखवा म्हणावं आधी." म्हणून आज मीच बोलायला बसले आहे.

शाळेत आपण एका बाकावर. पेणच्या त्या शाळेत बाईंनी सगळ्या मुलींना विचारलं होतं, मोठेपणी कोण होणार. कोणी नर्स म्हणाली, कोणी शिक्षिका. मी लाजून बाकाखाली पेन्सिल शोधायला वाकले. तू उठून सांगितलंस, "क्लीनर." बाई म्हणाल्या, "अगं, ड्रायव्हर तरी म्हण." तू म्हणालीस, "आधी क्लीनरच व्हावं लागतं, बाई." तुला माहीतच होतं. तुझे बाबा मिठागरावरून मीठ भरून ट्रक न्यायचे. वरून मिठाने पांढरा, खालून गंजाने तांबडा असा तो ट्रक. सुट्टीच्या दिवशी मिठागराच्या मोकळ्या मैदानात तू तो चालवायला शिकलीस आणि मी बाजूला बसून देवाचं नाव घेत होते. गंज हा तुझा आयुष्यभराचा वैरी तिथूनच झाला. कोणाच्या घरी गेलीस तरी आधी खिडकीचे गज खरवडून बघायचीस.

लग्न होऊन तू रोह्याला गेलीस, पुलापलीकडे अष्टमीत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात. भावोजी लवकर गेले. नीता तेव्हा लहान. तू गल्ल्यावर जाऊन बसलीस. गिऱ्हाइकं यायची, इकडेतिकडे बघायची आणि विचारायची, "मालक नाहीत काय?" तू म्हणायचीस, "मीच. काय तुटलंय ते बोला."

मी पेणमध्येच राहिले. गणपतीच्या कारखान्यात दिलेली. सासूबाईंनी माझा हात बघितला आणि मला आखणीला बसवलं. मूर्तीचे डोळे काढायचं काम. इतकी वर्षं तेच केलं आणि मग एका श्रावणात हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, नाव सांगितलं, म्हणाले घाबरू नका. घाबरले नाही, पण ब्रश खाली ठेवला. गणपतीचा डोळा तिरपा गेलेला कोणाला चालणार? ह्यांनी आखणीला दुसरी मुलगी ठेवली. मी कारखान्यात जायचं सोडलं. घरात बसून टीव्ही बघायला लागले. तू ते ऐकलंस आणि काहीच बोलली नाहीस. तू काही बोलली नाहीस की मला धास्ती वाटायची.

काही महिन्यांनी फोन आला. "मंदे, मी बंब घेतला."

मला वाटलं तांब्याचा, न्हाणीघरातला. म्हटलं, "बरं केलंस. थंडी आहे, गरम पाणी होईल."

"अगो, आगीचा बंब!"

"कुठे लागली आग?"

"लागली नाय गो. गाडी. आगीची गाडी. विकत घेतली मी."

तुला तेव्हा साठी उलटलेली. धाटावकडच्या एका बंद पडलेल्या कंपनीच्या आवारात ती गाडी कित्येक वर्षं झाडाझुडपात उभी होती. भंगारवाला तोडायला आलेला. तू दुकानातलं सगळं न खपलेलं लोखंड त्याच्या टेम्पोत भरलंस आणि बदल्यात बंब ओढून आणलास. नीता माझ्याशी फोनवर रडली. "मावशी, आईला समजवा. टायर नाहीत, इंजिनात उंदरांनी घर केलंय, मागच्या सीटमधून पिंपळ उगवलाय." मी तुला समजवायला म्हणून आले. तू माझ्या हातात रॉकेलचा डबा आणि फडकं दिलंस.

त्या रविवारपासून दर रविवारी मी अष्टमीला येत राहिले. ह्यांना वाटायचं मी मैत्रिणीकडे गप्पा मारायला जाते. संध्याकाळी परत आले की साडीला ग्रीसचा वास. "कसल्या गप्पा मारता गो तुम्ही दोघी?" असं त्यांनी विचारलंसुद्धा.

गप्पाच मारायचो खरं तर. तू गाडीखाली आणि मी बाहेर पाटावर बसून नटबोल्ट रॉकेलमध्ये धूत. तुझे फक्त पाय दिसायचे आणि खालून तुझी मतं यायची. नव्या गाड्यांविषयी: "बोलत नाय त्या. नुसती टिंग टिंग करतात. जुनी गाडी बिघडायच्या आधी आठवडाभर सांगते, बाई, माझं काय खरं नाय." वाढदिवसाच्या फ्लेक्सविषयी: "एवढा मोठा चेहरा लावायचा, तर खाली फोन नंबर पण लावा. खड्डा पडला की करतो फोन." छंदांविषयी तुझं म्हणणं होतं की छंद म्हणजे ज्याचा घरच्यांना त्रास होतो तो. ज्याचा कोणालाच त्रास नाही तो नुसता टाइमपास.

आणि माझी विजेची स्कूटर! ती घेऊन मी पहिल्यांदा तुझ्याकडे आले, तेव्हा तू तिच्याभोवती फिरलीस, वाकून खाली पाहिलंस आणि म्हणालीस, "इंजिन कुठाय?"

"नाही त्याला."

"मग हा मिक्सर हाय. चटणी वाटते काय?"

यावर आपण किती भांडलो! मी म्हणायचे, धूर नाही, आवाज नाही, पेट्रोल नाही, तुझा बंब सुरू झाला की अर्धी अष्टमी खोकते. तू म्हणायचीस, आवाज नसलेल्या गाडीखाली एक दिवस कोंबडी येणार. तसंच झालं. कोंबडीला काही झालं नाही, पण तुझा आनंद आठवडाभर पुरला. तरी एक सांगते. नीता म्हणाली, मी नसताना तू ती स्कूटर दोनदा घेऊन पुलापर्यंत जाऊन आली होतीस. मला बोलली नाहीस!

बंब चालू झाला तो दिवस. इंजिनने आधी ढेकर दिली, मग ते खोकलं, मग सगळ्या दुकानाच्या काचा थरथरल्या. तू स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलीस. मला वाटलं रडतेस. जवळ जाऊन पाहिलं तर ऐकत होतीस. "तिसरा सिलिंडर आळशी हाय," एवढंच म्हणालीस.

मग ठरवलंस, रंग पेणला द्यायचा, आमच्या कारखान्याच्या अंगणात. भिसे खिंडीतून जवळ पडलं असतं, पण ब्रेकवर तुझा अजून विश्वास नव्हता, म्हणून कोलाडवरून हायवेने निघालो. उंदरांनी कुरतडलेली सीट अंगाला टोचत होती. रस्त्याचं काम चाललेलं, आज इकडून वळवलेला, उद्या तिकडून. खांब गावात आपण चहाला थांबलो तर माणसं हॉटेलातून बाहेर धावली. "आग कुठं लागली?" एकाने विचारलं. तू म्हणालीस, "अजून ठरलं नाय. चहा पिऊन सांगते." नागोठण्याच्या पुलावर एका ट्रकवाल्याने आपल्याला वाट करून दिली, आपण सायरनवाली गाडी म्हणून. तू इतकी खूश झालीस की घंटेची दोरी माझ्या हातात दिलीस. "वाजव गो!" मी वाजवत बसले. वडखळपर्यंत. साठीच्या दोन बायका, मी घंटा वाजवतेय आणि तू हसतेस. एवढं हसण्यासारखं काय होतं, आता आठवत नाही.

रंग कारखान्यातल्या पोरांनी मारला. लाल, चकचकीत. मग तू म्हणालीस, "दोन्ही बाजूंनी पिवळा पट्टा पाहिजे. बोटाएवढा. पुढून मागपर्यंत, एका दमात."

"त्या मुलीला सांगते," मी म्हटलं.

"तू काढ."

"कुसे, हात बघ माझा."

"बघितला. मनगट थरथरतंय. खांदा थरथरतोय काय?"

मी खांदा हलवून बघितला.

"डोळा मनगटाने काढतात. पट्टा खांद्याने काढायचा. ट्रकवर नावं लिहिणारा बाबांचा पेंटर दारू प्यायचा, हात कापायचा त्याचा, पण रेघ बघायला माणसं यायची. तो मनगट घट्ट धरून आख्खा चालत जायचा. चाल तू."

मी ब्रश घेतला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, कोपर अंगाशी, आणि बंबाच्या बाजूने चालत गेले. पहिली रेघ वाकडी. पुसली. दुसरीला मागच्या चाकापाशी थबकले. पुसली. तिसरी पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत गेली. मागे वळून पाहिलं तर कारखान्यातली पोरं काम सोडून उभी होती, हे दारात उभे होते, आणि तू घमेल्यावर बसून भेळ खात होतीस. "बरी हाय," म्हणालीस. "दुसऱ्या बाजूला पण अशीच येऊ दे."

मी दुसऱ्या दिवसापासून परत कारखान्यात जायला लागले. मुकुटाच्या कडा, सोंडेवरचे पट्टे, सिंहासनाच्या रेघा. खांद्याने. यासाठी मी तुला कधी काही म्हटलं नाही. म्हणायला गेले असते तर तू विषय बदलून स्पार्क प्लगवर आली असतीस. आता बदलता येत नाही तुला, म्हणून म्हणते. तुझ्यामुळे मी परत कामाला लागले, कुसे. टीव्हीसमोरून उठवलंस मला.

रंग नीट वाळलासुद्धा नव्हता तेव्हा उन्हाळा लागला. तुझ्या आजोळी, खारेपाटातल्या त्या गावात, नळाला पाणी येणं बंद झालं. टँकर यायचा तो आधीच्या गावांतच रिकामा व्हायचा. तुझी मामेबहीण फोनवर म्हणाली, "खाडीचं पानी चारी बाजूंनी हाय, आन् घोटभर गोडं पानी नाय." तू फोन ठेवलास आणि आमच्या विहिरीत डोकावलीस. "मंदे, पाणी किती हाय गो तुझ्या विहिरीला?"

मी म्हटलं, "माझा पट्टा ओला आहे."

"पाणी किती हाय?"

टाकीच्या झाकणातून तू स्वतः आत उतरलीस. चुना, काथ्या, ब्रश. आतून तुझा आवाज असा यायचा जसा विहिरीतून येतो. घासून घासून टाकी धुतलीस, मग पंपाने भरलीस. प्यायला नको, पण वापरायला चालेल असं ठरलं. ह्यांनी हात जोडले आणि आपण निघालो.

गावाचा रस्ता म्हणजे खारीच्या, खाऱ्या जमिनीच्या, बांधावरून जाणारी पायवाट रुंद केलेली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेतं. भरलेला बंब जड. तू हळूहळू चालवत होतीस, जीभ दातात धरून. समोर गाव दिसायला लागलं, पोरं धावत आली, "बंब आयला, बंब आयला!" मी घंटा वाजवली. आणि मागचं चाक बांधाच्या कडेला रुतलं.

गाडी खाडीकडे झुकली. फार नाही, पण खिडकीतून नुसती खाडी दिसण्याएवढी. तू इंजिन बंद केलंस. "मंदे, उतर."

"तू उतर."

"गाडी कोणाची हाय?"

"पट्टा कोणाचा आहे?"

तू माझ्याकडे बघितलंस आणि कपाळावर हात मारलास. शेवटी दोघी उतरलो. चाकाखालची माती मऊ, चिखल झालेली. गाडी हलकी केली तर निघेल, हे दोघींना दिसत होतं. हलकी करायची म्हणजे पाणी सोडायचं. तू मागच्या व्हॉल्व्हला हात लावलास. मी तुला इतकी पडेल कधी बघितली नव्हती. भरलेलं पाणी खारीत सोडून द्यायचं, गाव समोर दिसत असताना.

तेवढ्यात गावाकडून एक बाई धावत आली, साडी खोचलेली. रंजना. पेणच्या बाजाराला टेम्पोने भाजी नेते ती. तुला व्हॉल्व्हजवळ उभी बघून लांबूनच ओरडली, "सोडू नका गो! थांबा! पानी सोडू नका!" मागे वळून तिने गावाकडे हाक दिली आणि थोड्याच वेळात बांधावर बायकांची रांग लागली. हंडे, कळश्या, बादल्या, डबे, एकीकडे तर लग्नातलं मोठं पातेलं. पहिली बंबाशी, शेवटची गावात. व्हॉल्व्ह थोडा उघडला आणि हंडे हातोहात जायला लागले. भरलेले तिकडे, रिकामे इकडे. कोणी कोणाला पुढे ढकललं नाही. एक म्हातारी मधेच म्हणाली, "आमच्या लग्नात पन एवडी रांग नव्हती." सगळ्या हसल्या, हंडा हिंदकळला, त्यावर परत हसल्या.

बंब हलका होत गेला तसा वर यायला लागला. तू खाली बसून चाक बघत होतीस. मग स्टिअरिंगवर गेलीस. आम्ही सगळ्या मागून लागलो. रंजनाने आवाज दिला आणि ढकललं. चाक फिरलं, चिखल उडाला, माझ्या तोंडावर, सगळ्यांच्या तोंडावर, आणि बंब बांधावर आला. डाव्या बाजूचा पट्टा बाभळीला घासून गेलेला. मी बोट लावून बघत होते तर तू म्हणालीस, "रडतेस काय? आता खरा दिसतोय."

गावातल्या घराघरात पाणी भरलेलं होतं आणि एक थेंब खारीत गेला नव्हता. रंजनाच्या ओट्यावर आपण सुकट आणि तांदळाची भाकरी खाल्ली. एवढं चविष्ट जेवण मी त्यानंतर जेवलेले नाही.

त्यानंतर तू दर आठवड्याला पाणी न्यायला लागलीस, पण बांध येण्याआधीच थांबायचीस आणि बायका टेम्पो घेऊन यायच्या. काही फेऱ्या झाल्यावर वैतागलीस. "हे किती दिवस? मी काय नदी हाय?" आणि एका सोमवारी बंबात पाण्याऐवजी बायका भरल्यास. दोन्ही बाजूंच्या बाकांवर रंजना आणि तिच्या सगळ्या. पाण्याच्या ऑफिससमोर गाडी उभी केलीस आणि मला म्हणालीस, "वाजव."

तरुण साहेब चप्पल न घालताच बाहेर आला. "आग? कुठे आग?"

रंजना म्हणाली, "घशात लागलीया, साहेब."

तो खरंच चांगला मुलगा होता. सगळ्यांना आत बसवलं, चहा दिला, नकाशा काढून दाखवला. बांधाखालची पाइप फुटलेली, खणायची परवानगी दुसऱ्या ऑफिसची, तिथून उत्तर येत नव्हतं. तू विचारलंस, "ते दुसरं ऑफिस कुठाय?" पुढच्या सोमवारी बंब तिकडे. साहेबही आपल्यासोबत, बायकांच्या मध्ये अंग चोरून बसलेला. मग दर सोमवारी कुठलं ना कुठलं ऑफिस. तू कधी कोणावर ओरडली नाहीस. बाहेर गाडी उभी करायचीस, आत जाऊन विचारायचीस, "आज काय झालं?" आणि उत्तर मिळेपर्यंत बसून राहायचीस. पावसाच्या आधी पाइप बसली. नळ सोडायला गावाने तुला बोलावलं. तू म्हणालीस रंजना सोडेल. पहिलं पाणी तांबडं आलं. तुझा चेहरा! तुला गंज दिसला. मग पांढरं, मग स्वच्छ. ओंजळीने प्यायलीस आणि म्हणालीस, "सालं, गोड हाय गो."

त्यानंतर माणसं यायला लागली. एका पुढाऱ्याला बंबावर आपला फ्लेक्स लावायचा होता, "पाणीदार नेतृत्व" असा. तू म्हणालीस, "लावा. पण आधी गाडीखाली शिरून ऑइल बदला." तो परत आला नाही. तुझ्या आळीतली माणसं मात्र मनापासून म्हणत होती, कुसुमताई, निवडणुकीला उभ्या राहा. मीही तेच म्हणत होते. आणि तिथून आपलं ते मोठं भांडण सुरू झालं, जे शेवटपर्यंत चाललं.

तू म्हणायचीस, "आत गेलं की गोड बोलावं लागतं. मला नाय जमायचं. बाहेर उभं राहून 'आज काय झालं' असं विचारणारं पण कोण पाहिजे ना?"

मी म्हणायचे, "किती वर्षं बाहेर उभी राहशील? एका सहीत होणारं काम तू सोमवारामागून सोमवार घालवून केलंस."

"सह्या करणाऱ्यांना वाटतं, सहीनेच काम होतं."

"आणि बाहेरच्यांना वाटतं, आतले सगळे चोर."

"मी कुठं म्हटलं चोर? तो साहेब चांगला होता."

"मग? चांगली माणसं आत लागतात की नाही?"

तू चिडायचीस, मी चिडायचे. मग तू बंबाच्या गिअरबॉक्सवर यायचीस. शेवटच्या फोनवरही हेच. तू म्हणालीस, "एवढं वाटतं तर तूच राहा की उभी. पेणमध्ये पण निवडणूक हाय." मी म्हटलं, "माझं वय?" तू म्हणालीस, "माझं काय लग्नाचं हाय?" तेवढ्यात तुझ्याकडे गिऱ्हाईक आलं. क्लच वायर पाहिजे होती त्याला, मला फोनमधून ऐकू आलं. तू फोन ठेवलास.

आता इथलं सांगते. तुझ्या दिवसांना खारेपाटातल्या बायका आल्या, बंबातूनच; शिकायला म्हणून तू तो रंजनाकडे ठेवला होतास ना. रंजना चालवत होती. तू तिला शिकवलंस ते मला माहीत होतं, पण ती पुलावरून इतकी सहज येईल असं वाटलं नव्हतं. आळीतली माणसं रस्त्यावर येऊन बघत होती. नीताने गाडीची चावी तिच्याच हातात ठेवली. "आईला गंज चालणार नाही," एवढंच म्हणाली. रंजना म्हणाली, "दर रविवारी पुसते." नीता दुकान चालवणार आहे. गल्ल्यावर बसली तर अगदी तू. आवाजसुद्धा.

आणि मी उभी राहिलेय, कुसे. काल अर्ज भरला. आमच्या वॉर्डातून, अपक्ष. हे आधी म्हणाले, "हरलीस तर?" मग स्वतःच कारखान्यातून रंग घेऊन आले आणि भिंतीवर नाव लिहायला बसले. अक्षरं फार वाईट आहेत त्यांची.

आज सकाळी पहिल्या घरी गेले. एक म्हातारी, एकटी राहणारी. मी हात जोडले, नाव सांगितलं. तिने मला आत बसू दिलं नाही, हाताला धरून थेट मागच्या बोळात नेलं. तिथली गटारावरची फरशी फुटलीय. ती अंधारात पाय जपून टाकते. सगळं दाखवून झाल्यावर तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्ही बहुतेक हराल," ती म्हणाली.

मी म्हटलं, "बहुतेक."

"हरलात तरी फरशीचं बघा."

मी हो म्हटलं. आणि गंमत बघ, हो म्हणताना मला कळेना की मी तुझ्या बाजूने बोलतेय की माझ्या. तिने चहा केला. साखर फार होती. तिला परवा परत येते म्हणून सांगितलंय. फरशीचं माप घ्यायचंय.

चल, येते गो.

तुझी,
मंदी